मोटारीचा पोळा

आज मी जो काही आहे तो माझ्या मामांमुळे. मामा अमरावतीला भाड्याची मोटार चालवत आणि माझं सगळं कॉलेज त्या मोटारीवर झालं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. म्हणून मी बी.एस्सी. झालो आणि अकोल्याच्या एका शाळेनं मास्तरकीच्या मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मामा आदल्याच दिवशी, ऐन पोळ्याला, मोटार घेऊन नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या खेड्यात हजर झाले.

"माहा भाचा एस्टीत चेंगरत जाईन काय? साहेबासारखा उतरला पाहिजे शाळेपुढं!"

मुलाखत अकराला होती. उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं शाळेनं स्पष्ट कळवलं होतं.

सकाळी निघालो. मामा स्टिअरिंगला, शेजारी पोळ्याचं धुतलेलं धोतर नेसलेले बाबा, मागे मी, नव्या सदऱ्याची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलेला. बडनेरा सोडलं आणि मोटारीच्या मागून धूर निघू लागला. निळसर, आणि इतका की एक सायकलवाला त्यात गडप झाला तो खोकतच बाहेर आला.

"काळा धूर असला त पेट्रोल जास्त होऊन राहिलं," मामा म्हणाले. "पांढरा असला त पाणी शिरलं. अन् निळा म्हणजे..." त्यांचा आवाज उतरला. "तेल जळून राहिलं. इंजिनाच्या रिंगा गेल्या असतीन. मंग आज आपन काही अकोला पाहत नाही."

मी घड्याळ पाहिलं. पण त्या धुराचा वास! तो जळक्या इंजिनाचा नव्हताच. तो कढईतल्या भज्यांचा होता.

रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणून काहीतरी बोलणं मला भाग होतं. "मामा, अपूर्ण ज्वलनामुळे असा वास..."

"भाचेबुवा, अपूर्ण ज्वलनातून कांदाभजी निघते काय?"

पुढच्या गावात दोन कुत्री शेपटी हलवत मागं लागली. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, "कोनाचं लगन हाये, बाप्पा?" मला हसू आवरेना आणि घड्याळाकडे पाहवेना. बाबा मात्र वळून वळून धुराकडे पाहत होते. 

मूर्तिजापूरला मामांनी एका चहाच्या हॉटेलापुढं मोटार थांबवली. मालक झारा घेऊनच बाहेर आला. "माह्या दुकानापुढं दुसरा कोन भजे काढून राहिला?"

मामांनी इंजिनातली तेल मोजायची काडी ओढून पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी वर. "काल रात्री मीच पायलं होतं, बराबर होतं. रातभरात तेल वाढलं? हे काय विहीर हाये?"

बाबांनी घसा खाकरला. "काल पोळा होता नं."

"मंग?"

"बैलायचे खांदे शेकले, त्यायले पुरणपोळी चारली. हे बिचारी आंगनात उपाशी उभी. पोरासाठी एवढ्या दूर जानार. मोठ्या वाटेले निघताना बैलाले तेल पाजतोच नं आपन? सकाळी तू आंघोळीले गेला, तवा मी हिले पाजलं. तू टाकतो नं, त्याच झाकनातून."

"जवाईबुवा, कशाचं तेल?"

"करडीचं. घरचं हाये. भेसळ नाही त्यात."

"किती?"

"बैलाच्या दुप्पट. हे मोठी हाये नं."

मामा मटकन खाली बसले. मला वाटलं, रडतात. पाहतो तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "रिंगा शाबूत हायेत! पोट तेवढं भरलं हिचं!"

मग ते मोटारीखाली शिरले, खालचा बोल्ट सैल केला आणि जास्तीचं तेल हॉटेलवाल्याच्या डब्यात सोडलं. तिथंच उभ्या असलेल्या एका गाडीवानानं तो डबा बैलगाडीच्या चाकांना वंगण म्हणून मागून नेला.

"पाह्य," बाबा समाधानानं म्हणाले, "शेवटी बैलाच्याच कामी आलं."

धूर विरळ झाला, वास मात्र गेला नाही. शाळेच्या फाटकात आम्ही शिरलो आणि आत अकराचे टोल पडू लागले. मी पळत सुटलो.

मुख्याध्यापकांनी दोनदा नाक फेंदारलं. "तुम्ही जेवून आलात, की स्वयंपाक करून?"

मी खरं तेच सांगितलं, पोळ्यापासून बोल्टापर्यंत. चौघेही परीक्षक पोट धरून हसले. एकाचा चहा टेबलावर सांडला. रसायनशास्त्राचा एकही प्रश्न आला नाही. "कळवू," एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर मी हिरमुसलो होतो. हसं झालं म्हणजे नोकरी गेली, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

पुढं मामांना मी हे पत्र टाकलं:

"ती. स्व. मामांना शि. सा. नमस्कार.

शाळेनं मला घेतलं. मुख्याध्यापकांनी कळवलं आहे की, ज्वलनाचा धडा मुलांना मीच शिकवायचा. मी तो तुमच्याच शब्दांत शिकवीन. काळा, पांढरा, निळा. तुम्ही मला शाळेपुढं साहेबासारखं उतरवलंत, हे जन्मभर विसरणार नाही.

एक विनंती. बातमी ऐकल्यापासून बाबांना मोटारीचे उपकार फेडायचे आहेत. ते कालच तेलघाण्यावर जाऊन आले. पुढच्या खेपेला याल तेव्हा त्या झाकणाला कुलूप घालून या.

तुमचा भाचा"