शोकसभेतली शिट्टी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी घातलेला हा घोळ शोकसभेतला आहे. आणि साधासुधा नाही हं! भर शोकसभेत मी शिट्टी फुंकली!

तीस सालानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीत शाळामास्तर आणि हौशी रेफरी. पावसाळ्यात मैदानाचं तळं व्हायचं. बोटी बंद असल्यामुळे मांडवी बंदरावरची एक वखार मात्र रिकामी पडलेली असायची. मग काय, दोन्हीकडे पाच-पाच गडी घेऊन पोरं छपराखालीच फुटबॉल खेळायची. चेंडू भिंतीवर आपटून परत आला तरी खेळ चालू!

आता अशा बंद जागेत शिट्टी वाजवायची तरी कधी? सुरुवातीला मी ऊठसूट वाजवायचो. वर पत्र्याचं छप्पर, एक शिट्टी चार शिट्ट्यांसारखी घुमायची. शेवटी पोरांचा कॅप्टन विठू म्हणाला, "मास्तर, कान किटले ओ! नुसता हात केलात तरी दिसतंय आमाला." मला ते लागलं. तेव्हापासून मी ठरवून टाकलं. खेळ सुरू करताना, थांबवताना आणि कुणी पडलं तर, एवढीच शिट्टी. बाकी तोंड बंद.

त्या श्रावणात हसनची बातमी आली. हसन म्हणजे आदल्या वर्षापर्यंत विठूच्या टीमचा गोलकीपर, दाऊद तांडेलांचा एकुलता एक मुलगा. बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि तापाने वारला. तिकडेच, कुठल्याशा परक्या बंदरात त्याला माती दिली. बापाला तोंडही बघायला मिळालं नाही.

पोरांनी ठरवलं, वखारीत हसनच्या नावाने एक मॅच खेळायची, त्याच्या बापासमोर. गावाने आपल्या पोराला नीट निरोप दिला, असं म्हाताऱ्याला वाटावं, एवढीच सगळ्यांची इच्छा. माझीही. खरंच सांगतो.

मॅचआधी छोटीशी शोकसभा ठेवली. अध्यक्ष होते एक रिटायर झालेले रावसाहेब. मुंबईच्या एका सभेत त्यांनी नवी साहेबी पद्धत पाहिली होती. चेंडू मध्ये ठेवला, पोरं जागेवर गेली, तेव्हा ते म्हणाले, "हसनसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

राहिलो.

पण ही दोन मिनिटं संपवायची कुणी, ते रावसाहेब सांगायचेच विसरले! मला वाटलं, अध्यक्ष खाली बसतील. त्यांना वाटलं, ज्याच्या हातात घड्याळ आणि शिट्टी, तो वाजवेल. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच! बाकीच्यांची तर जन्मातली पहिलीच वेळ.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. वाजवू का? गेलेल्या माणसासाठी शिट्टी? छे, छे! शिवाय शिट्टी झाली की पोरं चेंडू मारणार, हे ठरलेलं. विठूने डोळ्यांनीच विचारलं, "काय?" मी डोळ्यांनीच दटावलं, "उभा राहा!" एकजण खोकला, तर सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने पुढची उबळ गिळूनच टाकली.

तांडेल काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. गुडघे थरथरत होते. मला दिसत होतं हो! पण बाप उभा असताना आपण कसं हलायचं? वखारीतला प्रत्येक जण बहुधा हाच विचार करत असावा.

शेवटी काठी निसटली आणि म्हातारा जमिनीवर कोसळला.

आणि कुणी पडलं की मी काय करतो? शिट्टी! जीव खाऊन फुंकली!

झालं! खोळंबलेली पोरं सुटली. धाडकन चेंडू भिंतीवर. "इकडं दे, इकडं दे!" मी थांबवायला पुन्हा शिट्टी फुंकतोय, ती छपरात घुमतेय, ऐकतंय कोण? रावसाहेबांनी डोळे उघडले आणि मॅच सुरू झाली म्हणून टाळ्या वाजवायला लागले! एकटा बाप जमिनीवर पडलेला. शेवटी मी चेंडूवर झेप घेतली आणि पोटाखाली धरून आडवा झालो, तेव्हा कुठे वखार शांत झाली.

विठूने म्हाताऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं. तांडेलांनी डोळे उघडले. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो, मेल्याहून मेल्यासारखा.

"तांडेल, त्रास होत होता तर खाली बसायचं होतंत. का उभे राहिलात ओ?"

"हसन सांगायचा," ते हळूच म्हणाले, "मास्तर चुकायचे नायत. त्यांची शिट्टी होईस्तोवर हलायचं नाय. तुमी वाजवलीत नाय, मला वाटलं, माझ्या पोराचा वेळ अजून संपला नाय."

मला रडू आवरेना. वखारीत सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. उलट त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हसनच्या चाळिसाव्या दिवसाला घरी जेवायला या, मास्तर," ते म्हणाले. "शिट्टी तेवढी आणू नका."