जास्त आवळलं की

आमच्या ह्यांनी बसवलेला नळ कधी गळत नाही. बायको म्हणून नाही सांगत, आख्खी गल्ली सांगते. गल्लीत त्यांना ‘पानेवाले’ म्हणतात, कारण खिशात रुमाल नसेल, पण पाना असतोच. नाकावर माशी बसू न देणारा माणूस!

त्याच नाकावर डॉक्टरांनी मास्क चढवला. झोपेत ह्यांचा श्वास थांबायचा. नवऱ्याचं घोरणं बंद झालं की बाकीच्या बायकांना बरं वाटतं, मी मात्र दचकून जागी व्हायचे. कितीतरी वर्षं मी त्यांच्या छातीवर हात ठेवूनच झोपले. छाती हलली नाही की गदागदा हलवायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “रोज रात्री हे मास्कमधून हवा सोडणारं मशीन लावा, नाहीतर हृदयावर बेतेल.”

लावलं. थोड्याच दिवसांत नाक आतून कोरडंठाक, नुसती आग, शिंकरलं की रक्ताचा ठिपका. वरून नाकाच्या दांडीवर लाल वळ. “हवा गळतेय,” म्हणत हे रोज पट्टे आणखी आवळायचे. शेवटी वैतागून म्हणाले, “सोमवारी परत देऊन येतो हे धूड.” मला रडूच फुटलं.

तेव्हा लेक पुढे झाली. बापाच्याच हाताखाली नळकाम शिकलेली पोर, आता स्वतःची कामं घेते. तिने मशीनची पाण्याची छोटी टाकी काढून पाहिली. ठणठणीत कोरडी!

“बाबा, यात पाणी का नाही?”

“हवेच्या लाइनीत पाणी? मी काय काल आलो धंद्यात?”

“अहो, नाकासाठीच आहे ते. सुकी हवा रात्रभर मारल्यावर नाक सोलून निघणारच ना.” ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी असते तर हसले असते. मग मास्कची रबरी कड बोटाने दाबत तिने विचारलं, “आणि वॉशर चेपला की काय होतं? पहिल्या दिवशी काय शिकवलंत मला?”

ह्यांनी ती कड स्वतः चाचपून पाहिली. मग म्हणाले, “जास्त आवळलं की जास्त गळतं.” आणि खाली बघत, “चुकलं माझं.”

लग्नापासून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्या क्षणी मला दोघांचाही इतका अभिमान वाटला की काय सांगू!

टाकीत डिस्टिल्ड वॉटर त्यांनी स्वतः भरलं, पट्टे स्वतः सैल केले. डॉक्टरांना विचारून झोपण्याआधी नाकात सलाइनचे थेंबही सुरू केले. हळूहळू आग थांबली, वळ पुसट झाला.

मग एका सकाळी मला जाग आली ती चहाच्या वासाने. हे कप घेऊन उभे.

“काय घोरत होतीस गं!”

मी हात बघितला. छातीवर ठेवायचा तो हात रात्रभर माझ्याच उशीखाली होता.