दादाची मोहोरबंद बाटली

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी चौथीच्या पोरांना त्रैराशिक शिकवत होतो. धाडहून मोटारीनं आलेला आमच्या गावचा एक माणूस वर्गाच्या दारात उभा राहिला आणि उपरण्यानं घाम पुसत म्हणाला, "मास्तर, बटलरदादा गेले. सकाळीच दम लागला अन् गेले." मी खडू खाली ठेवला. मला धीर द्यावा म्हणून असेल, पण जरा थांबून त्यानं पुढे जोडलं, "वय होतंच म्हना. अन् पेणाऱ्याच्या छातीचं असंच असते." मी पोरांना सुटी दिली आणि त्याच मोटारीनं धाडला निघालो.

माझा थोरला भाऊ पुंडलिक बुलडाण्याच्या साहेबलोकांच्या क्लबात उभी हयात बटलर होता. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि त्यानं जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. हे वाक्य आज मी किती सहज लिहून टाकलं! ज्या दोन दिवशी ते तोंडानं बोलायला हवं होतं, त्या दोन्ही दिवशी ते माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून हा लेख. आठवणींची फुलं वगैरे वाहायची असतील तर ती दुसऱ्या कुणी वाहावी, माझा तो अधिकार उरलेला नाही.

आम्ही धाडचे माळी. आमच्या मळ्यातली भाजी क्लबाच्या स्वयंपाकघरात जायची आणि ती पाटी दादा न्यायचा. तिथे एक म्हातारा गोवेकर बटलर होता. एकदा त्यानं दुसऱ्या कुणाची कोथिंबीर आमची म्हणून दादाच्या पदरात घातली, तर दादा जुडी नाकाशी नेऊन म्हणाला, "हे आमची नाही. हिले नाल्याचं पाणी हाये." म्हातारा हसला आणि गंमत म्हणून नुकत्याच उघडलेल्या बाटलीचं बूच त्यानं दादाच्या नाकाखाली धरलं. दादा म्हणाला, "ह्याले ओल्या भिताडाचा वास येऊन राह्यला." बाटली तोवर टेबलावर गेली होती... घटकाभरात साहेबानं ती खराब म्हणून परत पाठवली. दुसऱ्या दिवसापासून भाजीची पाटी माझ्या डोक्यावर आली आणि दादा क्लबात राहिला. त्याच पगारावर पुढे मी मास्तर झालो, हेही इथेच सांगून टाकतो.

द्राक्षाच्या दारूची सगळी विद्या त्यानं नाकानं कमावली. बूच हुंगायचा, पेला गोल फिरवून हुंगायचा, डोळे मिटून उभा राहायचा. क्लारेट म्हणजे फ्रान्सच्या समुद्राकडची लाल, बर्गंडी त्याच मुलखातली पण आतली, हॉक जर्मनीतल्या नदीच्या उतारावरची पांढरी, शेरी स्पेनची, पोर्ट पोर्तुगालची. मलकापूर स्टेशनापलीकडे न गेलेला हा माणूस ती नावं अशी घ्यायचा, जशी आपण सोयऱ्यांच्या गावांची नावं घेतो. मी एकदा म्हटलं, "दादा, सारी द्राक्षंच ना रे? मग एवढा फरक काऊन?" तर म्हणाला, "जवारीबी सारी जवारीच असते. धाडच्या काळ्या रानातली भाकर अन् लोणारच्या खारट मातीतली भाकर तुले एक लागते का? मातीच बोलते बे."

सुपाबरोबर शेरी, मासळीबरोबर हॉक, भाजलेल्या मटणाला क्लारेट, तित्तराला बर्गंडी आणि शेवटी चीज-अक्रोडांबरोबर पोर्ट, इतकं तर कुठलाही बटलर पाठ करतो. दादाचं कसब निराळं होतं. एका साहेबानं हौसेनं पाहुण्यांसाठी आपल्याकडचा झणझणीत वऱ्हाडी रस्सा करवला आणि मटण आहे म्हणून क्लारेट मागवली. दादानं हात जोडले. तिखटावर क्लारेट कडू होते, म्हणाला, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून थंड केलेली, किंचित गोडसर हॉक पुढे केली. पाहुण्यांनी बोटं चाटली. यानं मटणही चाखलेलं नव्हतं आणि हॉकही. दोन वास शेजारी धरून तो त्यांची सोयरीक जुळवायचा, आणि त्यानं जुळवलेली सोयरीक कधी मोडल्याचं मी ऐकलं नाही. त्याच्या पोटच्या पोरीची मोडली, ती मी मोडली.

त्याआधीची एक दुपार सांगायला हवी, कारण तिचा साक्षीदार मी आहे. नाताळाचं दुपारचं जेवण होतं. शाळेला सुटी होती आणि बाप आजारी, म्हणून भाजी घेऊन मी गेलो होतो आणि खान्याच्या खोलीच्या पडद्यामागे उभा राहून पाहत होतो. पाहुणा आलेल्या एका कप्तानानं, नुसत्या वासावर याला दारू ओळखता येणार नाही, अशी पैज लावली. दादाचे डोळे नॅपकिनानं बांधले, सहा पेले ओळीनं मांडले. दादानं एकेक हुंगून सहाही बरोबर सांगितले. टाळ्या पडल्या. पैज हरलेल्या कप्तानाचं तोंड लाल झालं. "अब पीके बताओ," तो म्हणाला. दादानं माळेवर हात ठेवला आणि मान हलवली. कप्तान हसला, त्यानं पेला उचलला आणि आतली दारू सरळ दादाच्या तोंडावर मारली. सगळे हसले. यजमान साहेबानं तेवढी मान खाली घातली.

दादानं डोळ्यांवरचा नॅपकिन काढला. तोंड मात्र पुसलं नाही, पुसताना ओठ उघडतील अशी त्याला भीती. मिशांवरून, हनुवटीवरून लाल ओघळ माळेवर उतरत होते आणि हा ओठ आवळून पुडिंग वाढत होता. कुणी काही विचारलं तर "जी साहेब" म्हणता येईना, नुसती मान डोलवायचा. जवाब देत नाही म्हणून एका मडमेनं त्याला झापलंही. शेवटची बशी उचलल्यावर तो मागच्या विहिरीवर गेला. मी पाणी काढून ओतत होतो. सात-आठ बादल्या डोक्यावरून घेतल्यावर त्यानं तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य बोलला, "आत गेली नाही. तू पाह्यलं ना?" मी म्हटलं, "हाव दादा, पाह्यलं."

तो यजमान साहेब वर्षभरात बदलून गेला. जाताना त्यानं दादाला पोर्टची एक बाटली दिली, तोंडावर लाखेची मोहोर असलेली. दादा ती धाडला घेऊन आला. आपल्या खोलीच्या कोपऱ्यात त्यानं वाळूचा वाफा केला, बाटली आडवी पुरली आणि रोज सकाळी अंघोळीनंतर गारव्यासाठी त्या वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडू लागला; तो क्लबात असला की ते काम त्याच्या पोरीचं. "हिले वीस वरसं हलवाची नाही," म्हणायचा. "मंग आपल्या पुरणपोळीसंगं पाहाव कोणी. कोणी पेणारा." मी म्हणायचो, "अन् तू?" तर तो म्हणायचा, "म्या वास घेईन."

पुढे यमूला, त्याच्या एकुलत्या एक पोरीला, पाहायला हिवऱ्याकडचे पाहुणे आले. चांगलं माळकरी घर, मुलगा सज्जन. यमू सगळ्यांना पसंत पडली. नारळ द्यायची वेळ आली तेव्हा मुलाच्या बापानं, शिकलेला माणूस म्हणून, मला विचारलं, "मास्तर, एक इचारतो. तुमचे दादा क्लबात असतात. घेत तर नाही ना?" बैठकीत गावचे दहा लोक. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. "नाही" एवढा एकच शब्द पुरे होता. पण मला विनोदी मास्तर म्हणून तेव्हा गावात मान होता ना! मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "न चाखता मीठ सांगता येते का, पाव्हणे?" बैठक खो-खो हसली. दादा दारात गूळ-पाण्याचं तबक घेऊन उभा होता... पाहुणेही हसले आणि नारळ न घेता उठले.

 दादानं ती बाटली वाळूतून काढून पारावर पंचांपुढे नेली. "लाख पाहा. घेणारा असतो तर हे राह्यली असती का?" पंचांपैकी एकानं ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, "हे नाही पेली, पुंडलिक. बाकीच्या पेल्या अशीन."  दादानं बाटली परत आडवी ठेवली. यमूला पुढे लोणारचा एक बिजवर मिळाला. तो रोज पितो.

दादाच्या दहाव्याला नदीवर पिंड मांडले. कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं, माणसं भुकेली झाली. यमूला सुखात ठेवीन, असं जावयानं सांगून पाहिलं, घरची गाय सांभाळीन, असंही म्हणून पाहिलं. मग तोच म्हणाला, "सासरेबुवाची इच्छा वेगळीच हाये." आणि घरी जाऊन तो वाळूतली बाटली घेऊन आला. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं दगडानं लाख फोडली. बूच काढायला काही नव्हतं, म्हणून काडीनं आत ढकललं. मी तीन पावलांवर होतो. दादानं एकदा ओठ आवळले होते ते माळेसाठी. मी आवळले कशासाठी? बोललो असतो तर बैठकीतला तो विनोद खोटा होता हेही बाहेर पडलं असतं, एवढ्याचसाठी.

ज्याच्या हातून जन्मात एक पेला चुकीच्या पदार्थासोबत गेला नाही, त्याच्या नावानं पोर्ट ओतली गेली ती शिजल्या भातावर, भर दुपारी, रस्त्यानं हिंदकळत आणून गाळ ढवळलेली. आणि कावळा आला... ओतायचा अवकाश, पहिलाच कावळा थेट पिंडावर उतरला. "पाह्यलं?" लोक एकमेकांना म्हणाले, "आखरी खरं काय ते निंघालंच." सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. उरलेली बाटली जावयानं झाडाखाली संपवली. "गोड हाये बे," तो म्हणाला, "शरबतच."

तेरवी झाल्यावर मी यमूचा निरोप घ्यायला आत गेलो, तर ती रिकामी बाटली तिनं वाळूत पुन्हा आडवी ठेवली होती आणि वर तांब्यानं पाणी शिंपडत होती. मी म्हटलं, "बाई, आता काऊन?" ती म्हणाली, "हाताले सवय हाये, काका." मग तांब्या खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता बोलली, "तुमी तव्हा काऊन बोल्ले नाही?" मी विचारलं, "नदीवर?" ती म्हणाली, "नदीवरबी. अन् पाव्हणे आले व्हते तव्हा म्या चुलीपाशीच व्हती. सारं आयकू येत व्हतं." म्हणजे इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आणि दर दिवाळीला ती माझ्या पाया पडत होती. मी तिला सांगितलं की मी हे छापून आणीन, सगळं खरं लिहीन. ती म्हणाली, "लिवा. लोक म्हनतीन, भावानं झाकलं." आणि वाळूतली बाटली काढून तिनं माझ्या पिशवीत घातली. "न्या. शाई भराले होईन."

बाटली आता माझ्या टेबलावर आहे. आत बूच आहे, हलवली की खडखडतं, ते काही बाहेर निघत नाही. काल आमचे हेडमास्तर आले होते. त्यांची नजर बाटलीवर गेली, त्यांनी ती उचलली, तोंडाशी नाक नेलं आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, मी थेंबही घेत नाही. माझ्या भावाची आहे ती, आणि तोही घेत नव्हता." हेडमास्तर हसले. त्या बैठकीतल्यासारखेच, अगदी मोकळेपणानं. "हो हो, मास्तर," ते म्हणाले, "मी कुठे काय म्हटलं?" ते गेल्यावर मी बाटली उचलून आडवी ठेवली.