दातवाल्या ताईंचा ॲप्रन

दूध वर येत होतं आणि आमचे हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर लंगडी घालत होते. मोजा खुर्चीच्या पाठीवर होता, खुर्ची दाराआड होती आणि दारावर माझी ओली चादर होती. तीन महिन्यांपासून आमच्या इमारतीची दुरुस्ती चालली होती. बाहेरून लोखंडी नळ्यांची परांची, त्यावर हिरवी जाळी, आणि गॅलरीतल्या कपड्यांच्या तारा पहिल्याच दिवशी काढून नेलेल्या. तेव्हापासून अख्ख्या इमारतीचे कपडे घरातच वाळत होते. पाहुणा आला की आधी खुर्चीवरचे पायजमे उचलायचे आणि मग "बसा" म्हणायचं.

तेवढ्यात दार वाजलं. बेलची वायर रंगाऱ्यांनी कधीच तोडली होती, त्यामुळे हल्ली सगळे दारच ठोठावत. मी गॅस बारीक करून चादर बाजूला सारली. दारात वरच्या मजल्यावरच्या दातवाल्या ताई उभ्या होत्या.

त्यांना हे नाव मुलांनी दिलं. चोवीस वर्षं त्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. जिन्यात त्या दिसल्या की चॉकलेट खाणारं पोर मूठ पाठीमागे नेतं, आणि ताई न थांबता म्हणतात, "चूळ भर रे खाऊन झाल्यावर." एकोणिसाव्या वर्षी लागल्या तेव्हा मोठे डॉक्टर होते, आता त्यांची मुलगी चालवते. खुर्चीवरच्या माणसाने डोळे मिटले की तो घाबरलाय, पायाचे अंगठे ताणले की त्याला दुखतंय, आणि फार गप्पा मारतोय म्हणजे तो आता बोट चावणार, हे ताईंना डॉक्टरांच्या आधी कळतं. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा त्यांनीच माझा हात धरला होता. डॉक्टर काय म्हणाल्या ते मला आठवत नाही, तो हात आठवतो.

घरी त्या एकट्याच. आईवडील गेले, भाऊ लांब. नाकासमोर चालणारी, कुणाकडे वाटीभर साखर न मागणारी बाई. त्यामुळे सकाळी पावणेआठला त्यांना दारात बघून मी जरा दचकलेच.

त्यांच्या हातात घडी केलेला आकाशी ॲप्रन होता.

"वहिनी, एक विचारू? याला वास येतो का?"

मी वाकले. वास येत होता. नुसता येत नव्हता, चांगला घेरून टाकत होता. वर कसलंसं फुलांचं सेंट, आणि त्याखाली दोन दिवस ओलं पडलेलं पायपुसणं. दोन्ही एकमेकांवर कुरघोडी करत होते.

आणि मी काय म्हणावं?

"नाही हो," मी म्हणाले. "छान आहे की. फुलांचा येतोय."

त्यांचा चेहरा असा खुलला की माझीच मला लाज वाटली. "हुश्श," म्हणाल्या, आणि भराभर जिना उतरल्या.

दार लावलं तर आमचे हे मोजा हातात धरून विचारतात, "कोण आलं होतं? आणि ओलं पोतं कशाला आणलं होतं?"

"हळू बोला! दातवाल्या ताई होत्या."

"मग सांगितलंस ना त्यांना?"

"असं कसं सांगणार सकाळी सकाळी? त्यांना काय वाटेल?"

"बरोबर आहे. आता दिवसभर बाकीच्यांना वाटू दे," असं म्हणून ते बूट घालायला गेले. दूध मात्र तोवर उतू गेलं होतं.

दिवसभर ते वाक्य माझ्या पाठीमागे लागलं. संध्याकाळी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आले तर ताई जिन्याच्या वळणावर, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी बसलेल्या. पर्स मांडीवर, डोळे कोरडे, पण चेहरा पार उतरलेला.

"ताई, काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"वहिनी, तुम्ही तरी खरं सांगायचं होतंत."

मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. त्यांनी सगळं सांगितलं ते असं. गेल्या आठवड्यात सात वर्षांची एक मुलगी खुर्चीवर आली. ताई तिच्या हनुवटीखाली रुमाल बांधायला वाकल्या, तर ती म्हणाली, "काकू, तुमच्याकडून ओल्या फडक्याचा वास येतो." ताईंनी हसण्यावारी नेलं. पण आज एक गृहस्थ तोंड उघडं, बोलता येत नाही, तर मान वळवून वळवून दुसरीकडे नाक नेत होते. ते गेल्यावर डॉक्टरांनी ताईंना आत बोलावलं. मोठ्या डॉक्टरांची ही मुलगी गुणी आहे, नीटच बोलली. म्हणाली, शनिवारपर्यंत काहीतरी करा, नाहीतर काही दिवस बाहेर काउंटरवर बसा, फोन घ्या.

"काउंटर," ताई म्हणाल्या. "फोन कुणीही घेईल हो. मला त्या खुर्चीशेजारी उभं राहायचंय. माझं येतं ते एवढंच आहे."

"पण ताई," मी हळूच विचारलं, "तुम्हाला स्वतःला वास आला नाही?"

त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण बोटाने बाजूला सारलं.

"मला कशाचाच येत नाही. आठ महिने झाले. तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, सांगता येत नाही. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. दवाखान्यात कुणाला सांगितलं नाही. तोंडाचा वास ओळखता न येणारी मदतनीस कोण ठेवील? आणि घरात दुसरं नाकच नाही माझ्या. दवाखान्यातल्या दोघीजणी माझ्या शेजारी बसून डबा खातात. एकीनंही सांगितलं नाही. म्हणून तुमच्याकडे आले होते."

सगळ्यांनी भिडेखातर गप्प राहायचं ठरवलं होतं, आणि त्यात मी अगदी ताजी ताजी सामील झाले होते.

"उठा," मी म्हणाले. "मला तुमची मोरी दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता. कचरा उद्या जाईल."

त्यांचं घर दोन खोल्यांचं आणि आरशासारखं स्वच्छ. पण न्हाणीघराचं दार उघडलं आणि मी पदर नाकाला लावणार होते, तो आवरला. लावला असता तर निदान त्यांना खरं तरी कळलं असतं म्हणा. आत तारेवर दोन ॲप्रन दाटीवाटीने, एकावर एक. खाली बादलीत तिसरा भिजत घातलेला. वरची छोटी खिडकी गच्च बंद.

"हा कधी भिजवलात?"

"काल रात्री. चांगला मुरू दे म्हटलं. कुणीतरी तक्रार केली म्हणून पावडरही दुप्पट टाकते हल्ली. दोन मोठे चमचे होते, आता चार. आणि शेवटी हे सुगंधाचं पाणी, झाकणभर. अर्धी बाटली संपली बघा."

"आणि खिडकी?"

"बाहेर रंगारी असतात ना फळीवर. मी आत अंघोळ करणार आणि तो बाहेर ब्रश मारत गाणं म्हणणार, जमायचं कसं?"

दोघी हसलो. ताई खरंच पहिल्यांदा हसल्या त्या संध्याकाळी.

हे काही माझं मोठं शहाणपण नव्हे. या दुरुस्तीच्या पहिल्या महिन्यात आमच्या घरातही टॉवेलांना असाच वास मारायला लागला होता, आणि मीही ताईंसारखीच पावडर वाढवत गेले होते. मग कळलं की ती पावडर नीट निघत नाही, कापडातच बसते, त्यावर ओल धरते आणि वास तिथेच घर करतो. वर सुगंध ओतला की तो झाकत नाही, उलट त्याच्याशी संसार थाटतो.

ते तिन्ही आणि पर्समधला आजचा, असे चारही ॲप्रन आम्ही पुन्हा धुतले. कडकडीत गरम पाणी, पावडर एकच लहान चमचा, भिजवणं अर्धा तास, रात्रभर नाही. मग हाताला गुळगुळीत लागायचं थांबेपर्यंत पाणी बदलत राहायचं. चार पाणी लागली. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. ताई म्हणाल्या, "याचा वास नाही का राहणार?" मी म्हटलं, वाळला की जातो. त्यांना माझ्यावर विश्वास ठेवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि माझा हिशेब सकाळीच चुकलेला, त्यामुळे मी दोनदा विचार करून बोलत होते.

पिळून झाल्यावर एकेक ॲप्रन कोरड्या टॉवेलात गुंडाळला आणि त्यावर आळीपाळीने उभ्या राहिलो. चाळिशी उलटलेल्या दोन बायका टॉवेलावर पाय आपटतायत हे खालच्या मजल्याला काय वाटलं असेल देव जाणे. मग न्हाणीघर नाही, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली, हँगरवर, गुंड्या उघड्या, कॉलर उभी, दोन ॲप्रनमध्ये हातभर अंतर. रंगारी साडेपाचला उतरतात, तेव्हा त्यानंतर समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या.

"आणि वाळलाय हे मला कसं कळणार?" ताईंनी विचारलं. "मी तर हाताला कोरडा लागला की घडी घालते."

"हाताला नाही, गालाला लावा. शिवणीला आणि काखेजवळ. गालाला गार लागला म्हणजे अजून ओल आहे."

त्यांनी लगेच लावून बघितला. "अगं बाई, गारच आहे की!" पोरीसारखा आनंद झाला त्यांना. आठ महिन्यांनी त्यांना स्वतःचं स्वतः काहीतरी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. ॲप्रन पुढे आला. मी वास घेतला, पुन्हा घेतला. बराच कमी होता, पण होता. आमचे हे चहाचा कप तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होते, बघू आता ही काय म्हणते म्हणून.

"येतोय," मी म्हणाले. एवढाच एक शब्द, पण काल तो माझ्या तोंडून निघाला नव्हता.

ताईंचा चेहरा पडला नाही. उलट त्या म्हणाल्या, "कुठे?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी कॉलर हुंगली, बाही हुंगली, पाठ हुंगली. सगळं साफ. मग खिसे. दोन मोठे खिसे, दुहेरी कापडाचे, आणि आत तळाशी कापसाचा एक बोळा चिकटून दगड झालेला. वास तिथे बसला होता. हाताला बाहेरून कोरडे लागायचे, आत ओलेच. ताई त्या दिवशी जुना पांढरा ॲप्रन घालून गेल्या, आणि संध्याकाळी आम्ही सगळे खिसे मोज्यांसारखे उलटे करून, घासून, पुन्हा वाळत घातले. वाळल्यावर शिवणींवरून आणि खिशांवरून कडक इस्त्री. त्यानंतरच कपाटात.

शनिवारी सकाळी मी ॲप्रन नाकाशी धरला. काही नाही. फुलं नाहीत, पायपुसणं नाही, नुसतं इस्त्री केलेलं कापड.

"काही नाही ताई. खरंच काही नाही."

"शपथ?"

"शपथ. ह्यांना विचारा." ह्यांनीही गंभीर चेहऱ्याने ॲप्रनचा वास घेतला आणि म्हणाले, "माझ्या शर्टापेक्षा बरा आहे." ते मात्र माझ्या जिव्हारी लागलं, पण तो विषय वेगळा.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या, भाजीत मीठ दोनदा पडलं. सहाच्या सुमाराला जिन्यात चपला वाजल्या. दार वाजायच्या आधीच मी उघडलं.

ताई धापा टाकत होत्या, पण हसत. तीच सात वर्षांची मुलगी दात भरायला आली होती. ताई रुमाल बांधायला वाकल्या, मुलीने नाक फेंदारून दोनदा हुंगलं. डॉक्टर हातात आरसा धरून थांबलेल्या. आणि मुलगी म्हणाली, "आज काकूंकडून कशाचाच वास येत नाही." मग तिने आपण होऊन ताईंचा हात धरला आणि आ केला.

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांना मी सगळं सांगून टाकलं वहिनी. नाकाचं पण. लपवून लपवून किती लपवणार? त्या म्हणाल्या, वास घ्यायला मी आहे, तुम्ही हात धरायला राहा. काउंटरचं नावसुद्धा काढलं नाही."

मी त्यांना खुर्चीवरचे पायजमे उचलून बसवलं. त्या बसल्या, आणि आठवडाभर खांद्यांत धरून ठेवलेलं काहीतरी त्यांनी सोडलं असं मला दिसलं. चहा दिला. "कसा झालाय?" असं सवयीने विचारून मी जीभ चावली.

"गरम आहे," ताई म्हणाल्या. "आणि आज गोड पण लागतोय."

कप ठेवून त्या उठल्या. दाराशी जाऊन वळल्या. साखर न मागणारी ती बाई चौकट धरून थोडी घुटमळली.

"वहिनी, एक मागणं आहे. कामाला जाताना रोज एकदा तुमचं दार वाजवीन. वास घ्या, आणि येत असला तर येतोय म्हणून सांगा."