अहंकार सोडायला कॉव्हेंट्रीला

माझा नवरा मंदार दोन वर्षं केंडो शिकतोय. केंडो म्हणजे चिलखत घालून बांबूच्या तलवारीने एकमेकांना बडवणं, पण असं म्हटलं की तो दुखावतो. "अगं, मारायचं असतं ते आपल्या अहंकाराला!" हे तो चिलखतातला फोटो स्टेटसला टाकता टाकता सांगतो. आजवर स्पर्धेत त्याला एकही गुण मिळाला नव्हता. "कॉव्हेंट्रीच्या स्पर्धेत नाही मिळाला तर सोडून देणार," असं त्याने जाहीर केलं. नवऱ्याचा अहंकार मरताना बघायला मिळणार, म्हणून मी आणि इथे इंग्लंडातच वाढलेली आमची चौदा वर्षांची इरा हौसेने निघालो.

आमच्यासारखे बेसिंगस्टोकहून जाणार असाल तर लवकर निघा, ऑक्सफर्डच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबतोच. हायवेवरच्या सर्व्हिसेसमधल्या सँडविचच्या वाटेला जाऊ नका. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, पण डिकीतल्या चिलखताला घामाचा असा वास की खिडक्या उघडून हीटर लावावा लागला. आत्मशुद्धी म्हणतात ती हीच असावी.

स्पर्धा होती त्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे क्रीडासंकुलात, पार्किंग फुकट, प्रेक्षकांना तिकीट नाही. आत बास्केटबॉलच्या जाळीखाली मंडळी दाराला, जमिनीला, एकमेकांना वाकून नमस्कार करत होती. आपल्याकडे नवी नवरीसुद्धा इतकं वाकत नाही.

मंदारसमोर एक शिडशिडीत गोरे आजोबा आले. मंदार आरोळी ठोकून धावला आणि खाडकन त्यांच्या डोक्यावर! तिन्ही पंचांची लाल निशाणं वर गेली. पहिला गुण! मंदारने मूठ हवेत उडवली आणि इरा शूट करतेय ना, ते बघायला वळला. पंच एकत्र आले, कुजबुजले आणि त्यांनी गुण रद्द केला.

"काय झालं गं?"

इराने फोनवर शोधलं. "आई, बाबा सेलिब्रेट केला ना, म्हणून पॉइंट कॅन्सल झाली. इट्स अ रूल."

जिंकल्याचा आनंद दाखवला की जिंकलेलं काढून घेतात! हा नियम आपल्याकडे आणला तर एकाही निवडणुकीचा निकाल लागायचा नाही. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तोवर आजोबांनी शांतपणे दोन गुण घेऊन सामना संपवला आणि मंदार त्यांना वाकून नमस्कार करून बाहेर आला.

कॉव्हेंट्रीतल्या फोल्सहिल रोडला गरम समोसे मिळतात, नक्की खा. मंदारने अर्धाच खाल्ला. परतीच्या वाटेवर तत्त्वज्ञान बंद होतं, आणि मला त्याची खरंच दया आली.

घरी पोचतोय तोच पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "मिळाला का रे एक तरी गुण?"

मी तयारीत बसले. आता 'मिळाला होता, पण' पासून सुरुवात होऊन पंच, नियम, सगळं निघणार.

"नाही गं आई," मंदार म्हणाला. "मंगळवारी क्लास आहे, बघू."

बस्स, एवढंच. स्टेटससुद्धा नाही.

माझी मूठ आपोआप वर जायला लागली होती. मी ती पटकन खाली घेतली. उगाच त्याचा हाही गुण जायचा.