आक्काची परीक्षेची भिंत

"अवो, पाडा की! भिंत हाय ती, जावई न्हाय!"

ओव्हरसियर सर ओरडत होते. सरांचा आवाज असा की ते शिवाजी पेठेत खोकले तर पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बाया वर बघायच्या. आक्का मात्र भिंतीला पाठ लावून उभी होती.

"न्हाय पाडत."

"का न्हाय?"

"बांधलीया की."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका संस्थेनं गुळाच्या जुन्या वखारीत कम्युनिटी कॉलेज काढलं होतं. आत कॉम्प्युटरचा वर्ग, मागच्या अंगणात ओव्हरसियर सरांचा बांधकामाचा. वयाची अट नव्हती, मार्कांची तर नव्हतीच, म्हणून मला प्रवेश मिळाला. मी आतला. पंचवीस जणांत तीन कॉम्प्युटर. त्यातला एक चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की आम्ही बटण दाबून मिसळ खाऊन यायचो, तरी पडद्यावर अंधारच. वखारीत गूळ मुरलेला, त्यामुळं कीबोर्डात मुंग्यांची वस्ती. एंटर दाबलं की चारशे मुंग्या कामी यायच्या. मुंग्यांचा आकडा सोडला तर हे सगळं खरं आहे.

पाळी येईपर्यंत मी अंगणात जाऊन बसायचो. तिथं सगळे गडी आणि एकटी आक्का.

आक्का मूळची नेसरीची. वीस वर्षं कोल्हापुरात बिगारी, म्हणजे डोक्यावर घमेलं. तिनं वाहिलेल्या विटा एकावर एक ठेवल्या असत्या तर जोतिबाचा डोंगर ठेंगणा दिसला असता. पण वीट वाहणं वेगळं आणि लावणं वेगळं. थापी गड्याच्या हातात, घमेलं बाईच्या डोक्यावर, हे साइटवर कुणाला सांगावं लागत नाही. तरी तिनं एकदा ठेकेदाराला विचारलंच, "मला गवंडीकाम द्या." तो हसून म्हणाला, "आक्का, कागद आण, थापी देतो." त्याला वाटलं, विषय मिटला. आक्का दुसऱ्या दिवशी येऊन कॉलेजात नाव घालून गेली.

कॉलेजला सिमेंट परवडत नव्हतं, म्हणून भिंती चिखलात बांधायच्या. तपासून झाली की ज्यानं बांधली त्यानंच ती पाडायची, विटांचा चिखल खरवडायचा आणि पुढच्या तुकडीसाठी रचून ठेवायच्या. हे परीक्षेतच धरलेलं. विटा रचल्याशिवाय परीक्षकाची सही नाही, आणि सहीशिवाय प्रमाणपत्राचा कागद नाही. सरावाच्या भिंती जोडीनं बांधायच्या, त्या आक्कानं बिनबोभाट पाडल्या होत्या. परीक्षेची ही भिंत तिनं एकटीनं बांधलेली पहिलीच. कोपऱ्याची, काटकोनात दोन बाजू, छातीएवढी. त्या दिवशी सकाळीच ती उभी राहिली आणि लगेच परीक्षकानं ओळंबा लावून, मान डोलावून ती पास केली होती. सह्यांना ते दुसऱ्या दिवशी अकराला येणार होते. बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीआधीच आपापल्या भिंती लोळवल्या.

"उद्या सही मिळणार न्हाय, सांगून ठेवतो," सर म्हणाले. "परत घमेलंच उचलायला लागंल!"

"वीस वर्सं लोकांच्या भिंतीस्नी विटा दिल्या, सर. ही माझी हाय."

"मग घरी न्हे की, आक्का," एक गडी ओरडला. "डोस्क्यावर घिऊन जा. सवय हाय तुला!"

सगळे हसले. आक्का हसली नाही.

मला तिची दया आली असं लिहिलं तर चांगलं दिसेल. थोडी आलीही. पण ती भिंत आमच्या पश्चिमेच्या खिडकीपुढं उभी होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुपारचं ऊन पडद्यावर येत नव्हतं. माझी पाळी दुपारचीच.

मी कॉम्प्युटरच्या सरांकडे गेलो. बारीक, सावध माणूस. खोलीबाहेर चपला काढायला लावायचे. दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर एकदम मरणार, या धास्तीनं अर्धे झालेले. अशा माणसाला थाप मारणं म्हणजे ओल्या भिंतीत खिळा ठोकणं.

"सर, त्या डब्यातल्या काचेत पोकळी असत्या," मी म्हणालो. "ऊन लागून फुटली तर खोलीतल्या समद्यांच्या मिशा जात्यात. कुरुंदवाडला एका सरांचं असंच झालं. अजून उगवल्या न्हाईत."

सरांचा हात मिशीवर गेला. "मग आजवर कसं काही झालं नाही?"

"नशीब, सर. आता भिंत आडवी हाय म्हणून बरं."

पंधरा मिनिटांत प्रिंटर किंचाळायला लागला. 'खिडकीपुढील भिंत कॉम्प्युटर विभागाच्या सुरक्षिततेसाठी कायम ठेवावी.' खाली सरांची सही. मी तो कागद ओव्हरसियर सरांना नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"कुरुंदवाडचं सर, व्हय?"

"व्हय, सर."

"मी कुरुंदवाडचाच हाय."

मी वखारीच्या पत्र्याकडे बघत राहिलो. पण कागद तो कागद. सरांनी वहीत नोंद केली, भिंत कॉम्प्युटर विभागाकडे वर्ग, विटा रचल्या असे समजावे. म्हणजे आक्काची भिंतही राहिली आणि सहीही पक्की झाली. मी धावत जाऊन तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

संध्याकाळी वर्ग सुटला. त्या अंगणातली कुठलीच भिंत आजवर संध्याकाळ बघायला जगली नव्हती. ऊन उतरलं होतं आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूवरून घासून चाललं होतं. आक्का त्या बाजूच्या टोकाला गाल लावून, एक डोळा मिटून बघत होती. मला वाटलं, स्वतःचं कौतुक चाललंय. चालू दे म्हटलं, आणि तालमीकडं निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी दहाला येऊन बघतो तर खिडकीपुढं भिंत नाही. विटा खरवडून, पुसून रचलेल्या, इतक्या नेटक्या की त्या ढिगालाच ओळंबा लावावा. कॉम्प्युटरचे सर मिशी धरून खोलीबाहेर उभे. अकराला परीक्षक आले, विटा बघितल्या, सही केली. आक्कानं कागद चौघडी घालून पिशवीत सारला.

मी तिला दारातच गाठलं.

"आक्का, अगं तुझ्यासाठी कुरुंदवाडच्या मिशा उतरवल्या की मी! भिंत बी ऱ्हायली असती, कागद बी मिळाला असता. मग पाडलीस कशाला?"

तिनं हाताचा चिखल पदराला पुसला.

"सांजच्या उन्हात दिसलं," ती म्हणाली. "तिसरा थर सूतभर भाईर गेलता."