पंपात उरलेलं औषध

"ॲप्लास्टिक ॲनिमिया," सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमचे चेहरे बघून त्यांनी ते सोपं करून सांगितलं. "रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं, त्याला बोन मॅरो म्हणतात. तुमच्या सुनेचा तो मगज रिकामा होत चाललाय. नवं रक्त पुरेसं तयारच होत नाही."

माझी सून सुरेखा एवढंच म्हणाली, "मॅडम, मशीनवर बसलं तर चालंल का? लग्नसराईचे ब्लाउज राहिल्यात."

"सुई टोचली तर रक्त थांबणार नाही. आत्ता नको."

 त्यानंतर बाईंनी जे विचारलं, त्याला मी खोटं उत्तर दिलं. ते खोटं दुरुस्त करायला हे लिहितो आहे.

आम्ही तामलवाडीकडचे शेतकरी. पावसाळ्यात सुरेखाला दम लागू लागला. जिना नाही, चढ नाही, अंगणातून पाण्याची कळशी आणतानाही ती मधेच टेकायची. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मांडीवर, दंडावर काळेनिळे डाग उठले. माझी बायको म्हणायची, "उपास करू करू रक्त आटवलंस बाई. माहेरचं खानदानच नाजूक." सुरेखा खाली मान घालून ऐकायची. मीही ऐकायचो.

तुळजापूरच्या दवाखान्यात सीबीसी केली. या तपासणीत रक्तातल्या पेशी मोजतात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट, तिन्ही खाली आल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "आजच सोलापूरला जा." सोलापुरात कमरेच्या हाडातून मगजाचा नमुना काढला. याला बायोप्सी म्हणतात. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. बाकड्यावर माझ्याशेजारी माझा मुलगा महेश बसला होता. 

निदान सांगितल्यावर बाईंनी विचारलं, "घरात काही फवारता का? ढेकणांचं, डासांचं, धान्यातल्या किड्यांचं?"

महेशनं माझ्याकडं बघितलं. फवारणीचं काम माझं. गावात कुणाला सोयाबीनवर काय मारायचं, किती मारायचं हे विचारायचं असलं की माझ्याकडं येतात.

"न्हाय मॅडम," मी म्हणालो. "डासाची अगरबत्ती लावतो, बस."

खरं असं होतं. शेतातून आल्यावर पाठीवरच्या पंपात तळाला थोडं औषध उरतं. ओतून दिलं तर वाया जातं, म्हणून मी ते घरात मारायचो. माजघरात ज्वारीची पोती होती. पोत्यांवर, भिंतींच्या फटीत, खाटेखाली मारायचो आणि औषध मुरावं म्हणून दार-खिडकी लावून घ्यायचो. वास आला की औषध लागू पडलं, असं आम्ही समजतो. त्याच माजघरात सुरेखाची मशीन होती. दुपारभर ती तिथंच शिवत बसायची. एकदा म्हणालीसुद्धा, "मामा, वासानं डोकं दुखतंय ओ." मी हसून म्हणालो, "मग किडं मरत्यात म्हणायचं."

मला संशय आला नव्हता का? बाईंनी विचारलं त्याच क्षणी आला होता.

रक्त चढवलं, प्लेटलेट दिल्या, गोळ्या सुरू झाल्या. घरी सोडताना बाई म्हणाल्या, "डेंग्यू होता कामा नये. डास चावू देऊ नका." ते ऐकून मी काय केलं? सुरेखा घरी यायच्या आधी माजघर पुन्हा फवारलं. नेहमीपेक्षा मन लावून फवारलं. यात विष असतं तर मी माझ्या सुनेच्या खोलीत मारलं असतं का, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. ती समजूत खरी ठरावी म्हणूनच मी फवारलं.

पुढच्या तपासणीत पेशी आणखी खाली गेल्या. सुरेखाला ताप भरला आणि तिला पुन्हा सोलापूरला दाखल केलं. पांढऱ्या पेशी नसल्या की साधा तापही जीव घेतो, हे नर्सनं सांगितलं. अणदूरहून तिचे वडील दवाखान्यात आले होते. माझी बायको त्यांना म्हणाली, "पाव्हणं, पोरीला लहानपणीच काही होतं का? खरं सांगा." म्हातारा हात जोडून म्हणाला, "न्हाय ओ ताई, खंडोबाची आण. धडधाकट पोर दिली तुमाला."

ते जोडलेले हात मला बघवले नाहीत. मी उठून बाईंच्या खोलीत गेलो आणि महेशला, व्याह्यांना, बायकोलाही आत बोलावलं. सगळं सांगितलं. औषधाची बाटली घरून मागवून दाखवली.

बाईंनी बाटलीवरचं लेबल वाचलं. मग म्हणाल्या, "याच्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पुष्कळदा कारण सापडत नाही. पण काही कीटकनाशकांवर असा संशय घेतला जातो. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तिला त्या घरी पाठवलं नसतं."

महेश उठून बाहेर गेला. बायको भिंतीला टेकली. व्याही म्हणाले, "आन आमी आमच्याच रक्तात खोट हुडकत बसलो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

जंतू लागू नयेत म्हणून सुरेखाला वेगळ्या काचेच्या खोलीत ठेवलं होतं; तिथं तोंडाला मास्क लावून मी तिलाही सांगितलं. ती छताकडं बघत राहिली. म्हणाली, "मामा, मला वाटायचं माझंच काय तरी चुकलंय."

ती वाचली. डॉक्टरांचे, नर्सचे, आणि ज्यांची नावंही आम्हांला कळली नाहीत त्या रक्तदात्यांचे उपकार. पेशी हळूहळू वर येत आहेत. गोळ्या चालू आहेत, आणि दर तपासणीच्या आधी आमच्या घरात कुणाला घास गिळवत नाही. आजार उलटू शकतो, असं बाईंनी बजावलं आहे.

शेतातलं औषध घरात आणू नका. घरासाठीचं असलं तरी बंद खोलीत मारून माणूस आत बसवू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर लाजेपोटी काही झाकू नका.

सुरेखा आणि महेश आता अणदूरला राहतात. परत या, असं मी म्हणत नाही. सकाळी फोन करतो. "कशी हायस?" एवढंच विचारतो. ती उत्तर देईपर्यंत फोन कानाला घट्ट लावून धरतो.

"हाय की मामा," ती म्हणते. "तुमी च्या घेतला का?"